सशांसाठी प्लॅस्टिकचं घुबड: पैसे टाकावेत का?

मेथीची_जुडी: न्यू जर्सीत मागच्या अंगणात एक वाफा केलाय. मेथी, कोथिंबीर, घेवडा. घेवड्याला चार पानं फुटली की दुसऱ्या दिवशी नुसते दांडे उभे! दुकानात मान हलवणारं प्लॅस्टिकचं घुबड बघितलं, रबरी सापही होते. कुणी वापरलंय का? विषबिष नको, घरात लहान मूल आहे.

वाफेवाला: आधी चोर ससाच आहे ना ते बघा. दांडा सुरीने तिरका छाटल्यासारखा दिसला तर ससा. टोक फाटलेलं, चिंध्या झालेलं असेल तर हरीण. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते ओरबाडतं. त्याला घुबडाचं काय कौतुक?

मेथीची_जुडी: तिरकाच आहे, एकदम साफ. बाजूला गोल लेंड्याही आहेत.

ओहायोकर: मग ससाच. कल्पना तशी चुकीची नाही, इथली मोठी शिंगाळी घुबडं सशांची शिकार करतातच. पण एकाच खांबावर बसलेलं बुजगावणं सशाला लवकरच कळतं. आमच्याकडे तर ससोबा घुबडाच्या सावलीत बसून क्लोव्हर (लॉनमध्ये उगवणारं तीन पानांचं तण) खात होते. घेतलंत तर दर दोन-तीन दिवसांनी जागा बदला, मधेच उचलून आतही ठेवा. रोपं कोवळी आहेत तेवढ्यापुरता उपयोग, जास्त आशा नको.

कढीपत्ता_कुंडीतला: रबरी साप अजिबात नको. ससे येतच राहिले, सासूबाईंनी मात्र कुंड्यांकडे जाणं सोडलं.

वाफेवाला: घुबडाच्या पैशात चिकन वायरची जाळी येईल. 2 फूट उंच पुरते, भोकं 1 इंचाहून मोठी नकोत, पिल्लं आरपार जातात. खालची कड 6 इंच बाहेरच्या बाजूला मुडपून मातीखाली दाबा. इथला कॉटनटेल जातीचा ससा बीळ खणत नाही, पण फट दिसली की घुसतो. आणि लॉनमधलं क्लोव्हर उपटू नका, राहू द्या त्यांना तेवढं.

मेथीची_जुडी: ब्लड मील टाका असं शेजारी म्हणाले.

कढीपत्ता_कुंडीतला: वासाने ससे बिचकतात, पण पाऊस पडला की परत टाकायचं. आणि मेथीवर वाळवलेल्या रक्ताची पूड... आमच्या घरात ती भाजी कुणी खाल्ली नसती.

ओहायोकर: नळ जवळ असेल तर हालचाल झाली की पाणी उडवणारा स्प्रिंकलर बघा. घुबडापेक्षा बरा, कारण तो खरंच काहीतरी करतो. पहाटे आणि तिन्हीसांजेला चालू ठेवा, ससे तेव्हाच जास्त चरतात.

मेथीची_जुडी: घुबड रद्द. शनिवारी जाळी आणते.

वाफेवाला: लावण्याआधी वाफ्यात आणि कडेच्या गवतात नीट बघा. उथळ खळग्यात गवत आणि मऊ केस दिसले तर खाली पिल्लं असतील. आई दिवसभर फिरकत नाही, दूध पाजायला पहाटे-संध्याकाळी येते. तिची वाट अडवू नका. पिल्लं साधारण तीन आठवड्यांत आपापली निघून जातात, मग लावा जाळी.