एक्सोडसचा ‘बाँडेड बाय ब्लड’ (१९८५): या अल्बमची थोरवी नेमकी कशात आहे?

नवखा_कान (प्रश्नकर्ता):

थ्रॅश मेटल (हेवी मेटलचा वेगवान, आक्रमक प्रकार) मी ऐकू लागलो ते अलीकडच्या, स्वच्छ ध्वनिमुद्रण असलेल्या अल्बमांपासून, आणि तिथून मागे मागे जात आता ऐंशीच्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत येऊन पोहोचलो आहे. मेटॅलिकाचा १९८३ चा पहिला अल्बम पहिल्याच ऐकण्यात आवडला, स्लेयरचे सुरुवातीचे कामही पचनी पडले. एक्सोडस या अमेरिकन गटाच्या ‘बाँडेड बाय ब्लड’पाशी मात्र गाडी अडली आहे. जाणकार मंडळी ज्या आदराने या अल्बमचे नाव घेतात, तो आदर चार वेळा सबंध ऐकूनही माझ्या मनात उमटलेला नाही.

माझी अडचण मोकळेपणाने सांगतो. गायक पॉल बेलॉफ सुरात गात नाही. खरे सांगायचे तर तो गातच नाही. ध्वनी कोरडा आणि टोकदार आहे, बास गिटार कुठे आहे ते शोधावे लागते. गीतांमधली हिंसा तर शाळकरी मुलाने वहीच्या मागच्या पानावर काढलेल्या कवट्यांसारखी वाटते. गिटारवादन उत्तम आहे, हे मान्य. प्रश्न एवढाच की या अल्बमला मिळणारा मान त्याच्या काळामुळे आहे की त्यातल्या संगीतामुळे? आणि संगीतामुळे असेल, तर मी कान कुठे लावायला हवा?

खर्ज:

काळाचा मुद्दा आधी उरकून घेऊ, कारण तो या अल्बमच्या बाबतीत थोडा गुंतागुंतीचा आहे. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडच्या रिचमंड भागातल्या एक्सोडसच्या मंडळींनी हा अल्बम १९८४ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातल्याच कोटाटी गावी, प्रेअरी सन स्टुडिओत मुद्रित केला. बाजारात तो आला एप्रिल १९८५ मध्ये, टॉरिड रेकॉर्ड्स या लहानशा कंपनीमार्फत. मूळ नाव ‘अ लेसन इन व्हायोलन्स’ असे ठरले होते, ते बदलले गेले. मधल्या काळात चाहते हातोहात कॅसेटच्या नकला फिरवत होते, त्यामुळे पुष्कळ लोकांनी हा अल्बम प्रकाशित होण्यापूर्वीच ऐकला होता. मेटॅलिकाचा दुसरा अल्बम जुलै १९८४ मध्ये निघाला. म्हणजे दोन्ही कामे जवळपास एकाच वेळची, पण दुकानात मात्र एक्सोडस नऊ महिने उशिरा पोहोचले, आणि तोवर मैदानात बरीच गर्दी झाली होती. थ्रॅशच्या ‘बिग फोर’ची (मेटॅलिका, स्लेयर, मेगाडेथ, अँथ्रॅक्स) यादी पुढे रूढ झाली तिच्यात त्यांचे नाव नाही, त्याचे एक कारण मला या उशिरात दिसते.

दुसरी गोष्ट म्हणजे मेटॅलिकाचा गिटारवादक कर्क हॅमेट हा मूळचा एक्सोडसचा. १९८३ च्या वसंतात तो तिकडे गेला आणि जाताना काही सामग्रीही सोबत गेली. मेटॅलिकाच्या दुसऱ्या अल्बमवरच्या ‘क्रीपिंग डेथ’ या गाण्याच्या मध्यावर सगळा जमाव ज्या ओळीवर ओरडतो, ती ओळ आणि तिच्या खालची रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) मूळची एक्सोडसच्या एका जुन्या गाण्यातली आहे. ‘इम्पेलर’ या दुसऱ्या गाण्यातली रिफ मेटॅलिकाच्या त्याच अल्बमवर गेली, आणि एक्सोडसला आपले हे गाणे स्टुडिओ अल्बमवर घ्यायला २००४ साल उजाडले. आता विचार करा: संस्थापक गिटारवादक गेला, तयार माल गेला, आणि उरलेल्यांनी वर्षभराच्या आसपास हा अल्बम उभा केला. गॅरी होल्ट यांनी गिटारची पहिली बोटे हॅमेटकडूनच गिरवली होती. त्यांच्या जोडीला रिक ह्युनॉल्ट आले आणि या दोघांची जी गट्टी जमली, तिच्यावर हा सगळा डोलारा उभा आहे.

आता संगीताकडे येतो. कान लावायचा तो गिटारवादकाच्या उजव्या हाताकडे. तळव्याची कड तारा जिथे टेकतात तिथल्या पट्टीशी हलकेच दाबून ठेवली की सर्वांत जाड तारेचा नाद दबका, ठोकल्यासारखा येतो. तळवा क्षणभर उचलला की मोकळा स्वरगुच्छ फुटतो. रिफ म्हणजे या दाबण्याचा आणि सोडण्याचा हिशेब. त्या काळी अनेक गट हा हिशेब सरळ ठेवत असत, चार मात्रा दाबल्या आणि एक सोडली, या पद्धतीने. होल्ट आणि ह्युनॉल्ट तो हिशेब सतत मोडतात. चौथे गाणे, ‘अ लेसन इन व्हायोलन्स’, घ्या आणि गायकाकडे पूर्ण दुर्लक्ष करून फक्त मोकळे स्वर कुठे पडतात तेवढे टेबलावर बोटाने वाजवून पाहा. तुमचे बोट दोन-तीनदा तरी चुकेल. ज्या जागी ठोका अपेक्षित असतो तिथे दबकी तार असते, आणि मोकळा स्वर अर्धी मात्रा आधीच येऊन गेलेला असतो. एवढ्या वेगात दोन माणसे हे एकजीव वाजवतात, आणि तरीही ते यंत्रासारखे वाटत नाही. सोलोंमध्येही (एकट्या गिटारच्या तुकड्यांमध्येही) दोघे आळीपाळीने एकमेकांच्या हातातून काम काढून घेतात. होल्ट पुढे २०११ पासून स्लेयरबरोबर वाजवू लागले तेव्हा अनेकांना त्यांचे नाव नव्याने कळले, पण त्यांची खरी सही याच अल्बमवर आहे.

तोंडपाठ:

खर्ज यांचे गिटारविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, परंतु ‘गायकाकडे दुर्लक्ष करून’ हा त्यांचा सल्ला मी मागे घ्यायला लावणार आहे, कारण माझ्या मते हा अल्बम बेलॉफवर उभा आहे.

तो सुरात नाही, हे खरेच. पण तो तालात किती पक्का आहे हे पाहिलेत का? मी एकदा ‘पिरान्हा’ या गाण्याबरोबर शब्द म्हणण्याचा प्रयत्न केला. स्वर सोडून द्या, नुसते शब्द. दुसऱ्या कडव्यापर्यंत माझा श्वास संपला, कारण बेलॉफ ओळीचा शेवटचा शब्द रिफच्या मोकळ्या स्वरावर नेऊन आपटतो आणि त्याला पुढची ओळ सुरू करायला क्षणभरही मिळत नाही. तो व्यंजनांवर जोर देतो, स्वरांवर नाही. म्हणजे गळ्याने तो जवळजवळ एक तालवाद्य वाजवतो आहे. सुरेल गळ्याचा माणूस इथे प्रत्येक ओळीचा शेवट लांबवेल, आणि त्या लांबलेल्या स्वराखाली होल्ट-ह्युनॉल्ट यांनी मोठ्या कष्टाने ठेवलेल्या फटी बुजून जातील.

शिवाय त्याच्या आवाजात एक बेभान आनंद आहे. बर्कलीच्या ‘रूथीज इन’सारख्या लहान जागांत हा गट वाजवत असे, जिथे मंच आणि प्रेक्षक यांच्यात फारसे अंतर नव्हते. बेलॉफ ऐकताना मला नेहमी असे वाटते की समोरच्या गर्दीतलाच सर्वांत दांडगा माणूस वर चढला आणि त्याने माइक धरला. समूहाने ओरडायच्या ओळी येतात तेव्हा त्याचा आवाज त्या समूहात सहज मिसळून जातो. सुरेल गायकाचा आवाज तिथे उपरा वाटला असता.

हे केवळ माझे भावनिक मत आहे असे वाटत असेल, तर त्याची परीक्षा घेण्याची सोय खुद्द गटानेच करून ठेवली आहे. २००८ मध्ये एक्सोडसने हा सबंध अल्बम ‘लेट देअर बी ब्लड’ या नावाने पुन्हा मुद्रित केला. गायक होते रॉब ड्यूक्स. तुमच्या तक्रारींपैकी ध्वनीची तक्रार तिथे पूर्ण दूर झालेली आहे. गिटार जाड आणि भारदस्त आहेत, ढोलांचा प्रत्येक घाव वेगळा ऐकू येतो, गायकाचा दमही मजबूत आहे. तो एकदा ऐका आणि मग मूळ अल्बमकडे परत या. मी तो दोनदा ऐकला आणि तिसऱ्यांदा लावावा असे मला कधी वाटले नाही.

उगाच_कौतुक_नको:

दोष हाच गुण असे म्हणायची सवय जुन्या अल्बमांच्या चाहत्यांना असते, म्हणून थोडा विरोधी सूर लावतो. बास ऐकू येत नाही ही प्रश्नकर्त्याची तक्रार रास्त आहे. रॉब मॅकिलॉप काय वाजवत आहेत हे मला आजतागायत नीटसे सांगता येत नाही, आणि त्यात कोणतीही कलात्मक योजना होती असे मला वाटत नाही. ‘मेटल कमांड’ हे गाणे तर त्या काळी प्रत्येक गटाला एक घोषणागीत हवेच असायचे म्हणून केलेले दिसते. गीतांबद्दल प्रश्नकर्त्याने दिलेली कवट्यांची उपमा मी जपून ठेवणार आहे. अपवाद एकच, तिसरे गाणे, ज्यात अणुयुद्धानंतरच्या उजाड जगाचे चित्र आहे. शीतयुद्धाच्या त्या वर्षांत ही भीती खरी होती, आणि म्हणून ते गाणे इतरांपेक्षा गंभीर उतरले आहे.

तोंडपाठ यांच्या परीक्षेतही एक खोट आहे. २००८ च्या अल्बममध्ये गायक आणि ध्वनी या दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या. मग मूळची मजा कशामुळे गेली, हे कसे ठरवणार? कदाचित मूळचा कोरडा, टोकदार ध्वनीच मोलाचा असेल आणि बेलॉफला फुकटचे श्रेय मिळत असेल.

दुप्पट_लय:

ही शंका अगदी योग्य आहे आणि सुदैवाने तिचे उत्तर उपलब्ध आहे. १९८६ मध्ये बेलॉफला गटातून काढले गेले आणि स्टीव्ह सूझा आले. पुढे १९९७ मध्ये बेलॉफ परतला आणि सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या कार्यक्रमाचे मुद्रण ‘अनदर लेसन इन व्हायोलन्स’ या नावाने त्याच वर्षी निघाले. बासवर जॅक गिब्सन आहेत, बाकी चौघे १९८५ चेच; म्हणजे तोच गळा, बहुतेक तीच गाणी, पण ध्वनी नव्या काळाचा, भरीव. इथे बदललेली गोष्ट मुख्यतः एकच आहे, आणि गाण्यांची धग माझ्या कानाला तरी तसूभरही कमी झालेली वाटत नाही. बेलॉफ २००२ च्या फेब्रुवारीत पक्षाघाताच्या झटक्यानंतर गेला, त्यामुळे त्याच्यासोबतचा नवा स्टुडिओ अल्बम झालाच नाही. उरला तो हा एक पुरावा.

अजून कोणी ड्रमवादक टॉम हंटिंग यांचे नाव घेतले नाही, ते मी घेतो. थ्रॅशचा मूळ ठेका सोपा असतो: पायाचा ड्रम आणि स्नेअर (काठीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) यांचे एकाआड एक घाव, दुप्पट लयीत. अवघड असते ती लय मोडणे. गिटारची गती तीच राहते, पण स्नेअर एकाएकी निम्म्या ठोक्यांवर येतो आणि ऐकणाऱ्याला वाटते की सगळे संगीतच जड झाले. आठवे गाणे, ‘डिलिव्हर अस टू ईव्हिल’, सात मिनिटांहून थोडे मोठे आहे आणि ते कंटाळवाणे होत नाही ते या लयबदलांमुळे. प्रश्नकर्त्याने ते एकदा फक्त स्नेअरवर लक्ष ठेवून ऐकावे. त्याच्या आधीचे ‘नो लव्ह’ अकूस्टिक गिटारच्या शांत तुकड्याने सुरू होते. चाळीस मिनिटांच्या अल्बमात श्वास घ्यायला मिळणारी ती जवळजवळ एकमेव जागा आहे, आणि ती इतक्या उशिरा यावी हेही मला मोठे धूर्तपणाचे वाटते.

नवखा_कान (प्रश्नकर्ता):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितलेल्या क्रमाने सगळे ऐकले, त्याला तीन संध्याकाळी लागल्या.

टेबलावर बोट वाजवण्याचा प्रयोग केला. दोन-तीनदा नव्हे, पहिल्याच मिनिटात पाच वेळा चुकलो. विशेष म्हणजे चुकल्यावर दर वेळी लक्षात आले की बेलॉफ त्याच चुकलेल्या जागी शब्द आपटतो आहे. म्हणजे तो ती जागा मला दाखवत होता आणि मी त्याच्या बेसूरपणाकडे पाहत बसलो होतो. २००८ चा अल्बम ऐकायला सोपा गेला, पण दुसऱ्या दिवशी त्यातले काही आठवले नाही. १९९७ चा कार्यक्रम मात्र मला मूळ अल्बमपेक्षाही आवडला, आणि हे इथे लिहिणे धाडसाचे आहे याची जाणीव आहे.

‘मेटल कमांड’विषयी मी उगाच_कौतुक_नको यांच्याच बाजूचा आहे. बासही अजून सापडलेला नाही.

खर्ज:

१९९७ चा कार्यक्रम अधिक आवडला यात धाडस कसले? बासच्या शोधात मात्र शेवटच्या, ‘स्ट्राइक ऑफ द बीस्ट’ या गाण्यापर्यंत जाऊन पाहा, हेडफोन लावून. आणि तोंडपाठ यांच्या सांगण्यावरून माझा तो ‘गायकाकडे दुर्लक्ष करा’ हा सल्ला मी मागे घेतला आहे, याची नोंद व्हावी.