'अनुशेष' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: पेपरात 'विदर्भाचा सिंचन अनुशेष' येतो आणि 'पदभरतीचा अनुशेष'ही येतो. म्हणजे थकबाकीच ना? मग सरळ थकबाकी का म्हणत नाहीत?

वऱ्हाडकर: भरतीत अर्थ थकबाकीच्या जवळ जातो. बिंदुनामावलीप्रमाणे (कुठलं पद कुठल्या प्रवर्गाला, याची यादी) राखीव पदं ठरलेली असतात, ती भरली नाहीत की अनुशेष. प्रदेशाच्या बाबतीत आधी ठरलेलं देणं नसतं, तिथे तुलना असते. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या, प्रादेशिक असमतोल तपासणाऱ्या सत्यशोधन समितीने १९८४ साली रीत घालून दिली: रस्ते, सिंचन, आरोग्य अशा एकेका बाबीत राज्याची सरासरी काढायची, जिल्हा तिच्या जितका खाली, तितका त्याचा अनुशेष. सरासरीच्या वरच्या जिल्ह्याचा शून्य. सिंचन तर 'रब्बी समतुल्य' हेक्टरात मोजलं, कारण उसाचा एक हेक्टर आणि ज्वारीचा एक हेक्टर पाण्याच्या हिशेबात सारखे नाहीत.

कोकण्या: म्हणजे हा शब्द फक्त विदर्भ-मराठवाड्याचा?

वऱ्हाडकर: अजिबात नाही! दांडेकर समितीने राज्याचा अनुशेष दूर करायचा खर्च ३,१८६ कोटी काढला; त्यापैकी विदर्भाचे सुमारे १,२४६ कोटी, मराठवाड्याचे ७५०, आणि 'उर्वरित महाराष्ट्रा'चे, म्हणजे हे दोन सोडून बाकी राज्याचे, तब्बल १,१८९. भाषणांत हा शेवटचा आकडा कुणी घेत नाही. आमच्याकडचे तर नाहीच नाही.

प्रश्न: 'आर्थिक अनुशेष संपला, भौतिक बाकी' हे काय प्रकरण?

वऱ्हाडकर: खरी मेख तिथेच आहे. राज्यघटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ साली या तिन्ही विभागांसाठी वैधानिक विकास मंडळं आली. त्यानंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ची स्थिती धरून आकडा १४,००० कोटींवर नेला. तेवढा निधी खर्ची पडला की आर्थिक अनुशेष कागदावर मिटतो. पण भूसंपादन रखडतं, प्रकल्पाची किंमत वाढते, आणि त्याच पैशात ठरलेले हेक्टर भिजत नाहीत. जे भिजायचे राहिले, तो भौतिक अनुशेष. म्हणून मंत्रिमहोदय 'अनुशेष संपला' म्हणाले की आधी विचारावं, कुठला?

दुसरं, तो १९९४चा हिशेब गोठलेला आहे. त्यानंतर वाढलेल्या दरीला सरकारी अर्थाने अनुशेष म्हणता येत नाही. तिला 'असमतोल' किंवा 'तफावत' म्हणणं बरं. २०१३ साली अहवाल देणाऱ्या विजय केळकरांच्या समितीच्या नावात तर 'संतुलित प्रादेशिक विकास' आहे. मला हे नाव जरा गुळमुळीत वाटतं. 'अनुशेष' म्हटलं की कुणाकडे तरी बोट दाखवता येतं.

कोकण्या: क्रियापद कुठलं लावायचं? 'अनुशेष फेडला' वाचलंय.

वऱ्हाडकर: फेडतात कर्ज. अनुशेष 'भरून काढतात' किंवा 'दूर करतात'. सरकारी कागदात 'अनुशेष निर्मूलन'. अमरावती, अकोला, वाशिम, बुलढाणा यांना 'अनुशेषग्रस्त जिल्हे' म्हणतात, तेही रूढ आहे.