'स्टू'ला सोलापुरात काय म्हणायचं?

प्रश्न : मंडळी, इंग्रजी 'स्टू', म्हणजे मोठ्याचं मटण (बीफ), बटाटा, गाजर आणि कांदा एकाच पातेल्यात झाकण ठेवून मंद आचेवर शिजवतात, त्याची कृती मराठीत लिहायला घेतलीय. 'रस्सा' लिहिलं की घरचे म्हणतात, यात तर्री कुठाय? 'शेरवा' चालेल का, की सरळ 'कालवण' लिहू?

प्रतिसाद : दादा, शेरवा नको. फारसी शोरब्याचंच ते रूप, आणि आपल्याकडे शेरवा म्हटलं की भाकरी कुस्करायला घेतलेलं पातळ पाणीच डोळ्यांपुढं येतं. रस्साही नको. रश्शाला वाटण लागतं, काळं तिखट लागतं, वर तवंग लागतो. पाहुणे वाढले की आदणाचं पाणी ओतून रस्सा वाढवता येतो. स्टूत पाणी वाढवलं की सगळं गेलंच. त्याला वाटण नसतंच. पिंढरी, सीना (छाती) असल्या राबणाऱ्या भागांतल्या चिवट पापुद्र्यांचं हळूहळू जिलेटिन होतं, बटाट्याच्या कडा पिठूळ होऊन सुटतात, आणि चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहील इतका दाटपणा येतो. म्हणून माझं मत 'दाट कालवण'. भात-भाकरीत कालवायचं ते कालवण. त्यात वाटणाची अट नाही, तर्रीचीही नाही.

प्रश्न : आमच्या आजी 'कोरड्यास काय केलंय?' असं विचारायच्या. तो शब्द?

प्रतिसाद : फार गोड शब्द, जपायलाच हवा. पण आमटीपासून भाजीपर्यंत कोरड्या भाकरीसोबतचं काहीही कोरड्यास होतं. त्यातून पदार्थ कळत नाही.

दुसरा प्रतिसाद : दालचा का नको? त्यात मटण आणि दुधी एकत्रच असतात की.

प्रतिसाद : ताई, भाजी-मटणाची जोडी तीच, हे खरं. पण दालच्याचा जीव डाळीत आणि चिंचेत. दोन्ही काढलं तर दालचा उरत नाही.

नावापेक्षा क्रियापद जास्त जपा. पाणी खळखळतं, डाळ खदखदते, पिठलं रटरटतं. यातलं एकही इथं नको. जोरात उकळलं की मांसाचे धागे आक्रसतात, आतलं पाणी पिळून निघतं आणि रस्सा भरपूर असूनही तुकडा कोरडा लागतो. 'मधूनच एखादा बुडबुडा येईल इतक्या आचेवर' असं पूर्ण वाक्यच लिहा. 'परतणे'सुद्धा अपुरं पडतं. तुकडे गर्दी न करता ठेवून, न हलवता तांबूस करायचे असतात, म्हणून 'लालसर भाजून घ्या' लिहा.

आणि साहित्यात नुसतं 'बीफ' लिहू नका. 2015 पासून राज्यात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे. दुकानात मिळतं ते म्हशीचं. तेच लिहा, वाचणाऱ्याचा घोळ होत नाही.

प्रश्न : मग पहिली ओळ कशी करू?

प्रतिसाद : अशी करून बघा : "म्हशीच्या पिंढरीचे मोठे तुकडे तेलात लालसर भाजून घ्या, उभा चिरलेला कांदा घाला, तुकडे जेमतेम बुडतील इतकं गरम पाणी ओता आणि मधूनच एखादा बुडबुडा येईल इतक्या आचेवर झाकून दोन-अडीच तास शिजू द्या. बटाटा आणि गाजर शेवटच्या पाऊण तासात."