मदत हवी आहे: खानावळीतला रोजचा रोख खर्च तुम्ही कसा लिहून घेता?

नमस्कार. मी फोंड्यात छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो. दुकानांचं काम बरीच वर्षं केलंय, खानावळ मात्र पहिल्यांदाच हातात आलीय आणि तिथे अडलोय.

भाऊ आणि वहिनी मिळून चालवतात, मदतीला दोन कामगार. दुपारी मासळीची थाळी, संध्याकाळी डिलिव्हरी अ‍ॅपवरच्या ऑर्डरी. गर्दी असते. तरीही जूनचे पगार द्यायला वहिनींना पाटल्या गहाण ठेवाव्या लागल्या. कळलं तेव्हा फार लागलं मनाला, कारण वह्या माझ्याकडेच होत्या आणि कागदावर नफा दिसत होता.

अ‍ॅपचा घोळ निस्तरला. बँकेत जमा होईल तीच विक्री धरली जायची. कमिशन आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी आधीच कापलेला असतो, तो कुठे दिसतच नव्हता. आता पेआउट रिपोर्ट उतरवून पूर्ण बिल विक्रीत आणि कमिशन खर्चात घालतो. (नवीन मंडळींसाठी: १ जानेवारी २०२२ पासून अशा ऑर्डरींवरचा ५ टक्के जीएसटी अ‍ॅपच भरतं. ती विक्री रिटर्नमध्ये वेगळ्या रकान्यात दाखवा, नाहीतर तोच कर पुन्हा भराल.) एका थाळीमागे हातात काय उरतं ते पाहून भाऊंनी अ‍ॅपवरचा दर लगेच वाढवला.

अडलंय ते रोखीत. सकाळी भाऊ कालचा गल्ला खिशात घालून बाजारात जातात. बांगडे, इसवण, सुंगटं. मासळीबाजारात बिल कोण देतंय? मग नारळ, बर्फ, रिक्षा, आणि त्यातूनच मुलाची फी. मी वही दिली होती. पंधरा दिवसांनी पाहिली तर तीन पानं भरलेली, पुढे नुसते हुमणाचे, म्हणजे माशाच्या आमटीचे डाग. रात्री साडेअकराला भांडी आवरल्यावर लिहायचं त्राण कुणात असतं? त्यांना दोष देणार नाही.

पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, मासळी महाग, थाळीचा दर मात्र तोच. त्या दोन महिन्यांत नेमके किती कमी पडतात हे कळल्याशिवाय डिसेंबरच्या सीझनमध्ये किती बाजूला काढायचे, ते मी सांगू कसा?

बाजारातून निघतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवा, लिहायचं माझ्याकडे लागलं, असं सांगायचा विचार आहे. कुणी करून पाहिलंय? घरखर्चाची उचल महिन्याला ठरवून दिली तर मालक पाळतात का?

भर: बाजाराचे पैसे गल्ल्यातून वेगळ्या डब्यात मोजून ठेवा, असं सुचवलंत, आभार. काल ते सांगायला गेलो तर वहिनी म्हणाल्या, "गल्ला रोज रात्री मीच मोजते. सकाळी ह्यांना किती दिले ते मला तोंडपाठ असतं." इतके महिने मी भाऊंनाच विचारत होतो! आजपासून रात्रीचा आकडा वहिनी पाठवतील. सकाळच्या खरेदीचं काय करावं, ते अजून सांगा.