मदत हवी आहे: भावाचं प्रशिक्षण संपतच नाही, नोकरी मिळवून देणारी संस्था कशी पारखायची?

शेवंती

नमस्कार मंडळी. थोडं लांबणार आहे, सांभाळून घ्या.

प्रश्न माझ्या धाकट्या भावाचा आहे. पंचविशी ओलांडली आहे. बौद्धिक अक्षमता, प्रमाणपत्रावर सौम्य ते मध्यम. पाट्या, नावं, मोबाइलवरचे छोटे निरोप वाचतो. आकडे ओळखतो, हिशेब जमत नाही. एकदा दाखवलेला क्रम पक्का लक्षात ठेवतो, पण तो क्रम कुणी मधेच बदलला की गडबडतो. आणि गडबडला की विचारत नाही, नुसता उभा राहतो. नवख्या माणसाला वाटतं, कामचुकारपणा करतोय.

शाळा संपल्यापासून तो एका संस्थेच्या कार्यशाळेत जातो. लिफाफे चिकटवणं, फायली बांधणं, सुटे भाग मोजून पाकिटात भरणं. तिथली माणसं प्रेमळ आहेत. संस्थेला नावं ठेवायला हा धागा काढलेला नाही, उगाच तिकडे जाऊ नका. पण इतकी वर्षं झाली तरी कागदावर तो 'प्रशिक्षणार्थी'च आहे. त्याच्याबरोबरचे सगळेही अजून तिथेच. हातात पडतं ते विद्यावेतन, पगार नव्हे.

आता दुसरी एक संस्था म्हणते, आम्ही आधी वर्षानुवर्षं तयारी करून घेत बसत नाही. त्याला साजेसं काम शोधतो, थेट त्या जागी नेतो, सोबत आमचा माणूस देतो आणि तिथेच शिकवतो. ऐकायला छान वाटलं. आई-बाबांना मात्र धास्ती आहे: तिथून दोन महिन्यांत काढून टाकलं आणि इथली जागाही गेली, तर तो दिवसभर घरात बसणार. भावाला विचारलं तर त्याचं एकच, "मला आयकार्ड पाहिजे." चुलत भावाच्या गळ्यात बघितलंय ना.

तर अशा संस्थेला नेमकं काय विचारायचं? कोणत्या उत्तरावर सावध व्हायचं? आणि आई-बाबांची भीती कितपत खरी आहे?

---

कुंपण

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हाच प्रश्न उभा राहणार आहे.

---

पायवाट

मी बरीच वर्षं जॉब कोच म्हणून काम केलं आहे. म्हणजे तुम्ही म्हणता तो 'सोबत दिलेला माणूस' मीच. त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं असणार, ते गृहीत धरून वाचा.

ही दुसरी संस्था सांगते ती पद्धत नवी नाही. 'आधी शिकवा, मग नोकरीला लावा' हे उलटं करून 'आधी नोकरीला लावा, मग तिथेच शिकवा' असं अमेरिकेत १९८० च्या दशकात रूढ झालं आणि १९८६ मध्ये तिथल्या पुनर्वसन कायद्यातही आलं. कारण साधं आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी लागू करणं हेच सगळ्यात अवघड जातं. कार्यशाळेत पाकिटं भरण्यात तरबेज झालेला मुलगा कारखान्यात गेला की टेबल वेगळं, आवाज वेगळा, माणसं वेगळी. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग ती आधीची वर्षं कशासाठी घालवली?

त्याआधी १९७० च्या दशकात मार्क गोल्ड नावाच्या अमेरिकन संशोधकाने तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना सायकलचा पंधरा सुट्या भागांचा ब्रेक जोडायला शिकवून दाखवलं. त्यांना हे जमेल असं कुणी धरलंच नव्हतं. त्याचं म्हणणं होतं की शिकणारा अडला तर शिकवायची रीत बदला, त्याच्या कपाळी शिक्का मारू नका. कामाचे बारीक टप्पे पाडायचे, कमी बोलून जास्त दाखवायचं, हात लावायची गरज उरली नाही की हात काढून घ्यायचा. आजही आम्ही हेच करतो. तुमच्या भावाला क्रम पक्का लक्षात राहतो म्हणता ना, ते फार मोठं भांडवल आहे.

आता संस्थेला काय विचाराल. 'तुम्ही किती जणांना नोकरी लावली' हा प्रश्न सगळेच विचारतात आणि त्याचं उत्तर सगळ्यांकडे तयार असतं. तुम्ही विचारा, त्यातले किती जण वर्षभरानंतर त्याच जागी टिकले. गेले ते का गेले. ज्या संस्थेला गेलेल्यांची कारणं पाठ आहेत ती संस्था खरी. "आमच्याकडून कुणी जात नाही" म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

दुसरं, काम शोधायच्या आधी भावासोबत किती वेळ घालवणार? चांगला कोच आधी घरी येतो, त्याच्याबरोबर बाजारात जातो, तो कुठे रमतो, कुठे कंटाळतो, कोणत्या आवाजाने बिथरतो ते बघतो. नुसता फॉर्म भरून घेतला आणि पुढच्या आठवड्यात 'एक जागा आहे' म्हणून फोन आला, तर त्यांना जागा भरायची आहे, माणूस नाही.

तिसरं, तोंडी मुलाखतीऐवजी प्रत्यक्ष काम करून दाखवायची सोय मालकाकडे मागतात का? बोलण्यात मागे असलेली माणसं मुलाखतीत हमखास पडतात. तेच दोन दिवस काम करून दाखवलं तर चित्र पालटतं. कधी कधी तर अशी जागा मुळात नसतेच, ती तयार करावी लागते. चार जणांच्या कामातली प्रत्येकाला नकोशी असलेली पण रोज लागणारी कामं काढून त्यांची एक जागा करायची. स्कॅनिंग, माल मोजून मांडणं, पाकिटांवर लेबलं लावणं. हे जमवणारी संस्था मालकाशी नीट बोलते असं समजा.

आणि कोच बाजूला कसा होणार हे जरूर विचारा. कायम शेजारी उभा राहणारा कोच हाही घोटाळाच आहे. मालक सगळं कोचशी बोलतो, सहकारी कोचला विचारतात, आणि आपला माणूस तिथे असून नसल्यासारखा. पहिल्या आठवड्यातच एक सहकारी हेरायचा, जो पुढे आपसूक लक्ष ठेवेल. मग कोच हळूहळू कमी होतो, पण नाहीसा होत नाही. साहेब बदलला, कामाचं ठिकाण हललं, नवं यंत्र आलं की पुन्हा यावं लागतं. तुमच्या भावाच्या बाबतीत तर नक्कीच, कारण क्रम बदलला की तो अडतो.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. नोकरी कामावरून जाते त्यापेक्षा सुट्टीवरून जास्त जाते. जेवणाची सुट्टी, चहाची सुट्टी, साहेब यायच्या आधीची दहा मिनिटं. काम ठरलेलं असतं, या वेळात काय करायचं ते ठरलेलं नसतं. कुणाशी किती बोलायचं, थट्टा आहे की अपमान, हे कळत नाही. चांगला कोच या वेळेचीही तयारी करून घेतो.

---

गोधडी

पायवाट, लेखन आवडलं, पण कार्यशाळेला इतकं खाली नका ढकलू.

माझ्या मुलीला फिट्स येतात, बोलणं अगदी कमी, सोबत कायम कुणीतरी लागतं. तिला कोणता मालक घेणार? कार्यशाळेत तिच्या मैत्रिणी आहेत. तिथे तिचा वाढदिवस लक्षात ठेवणारी माणसं आहेत. ती सकाळी आवरून दारात उभी राहते, यातच मला सगळं मिळालं. 'खुल्या बाजारात नोकरी' हीच एक यशाची फूटपट्टी केली की आमच्यासारख्यांची मुलं पुन्हा नापास.

---

पायवाट

गोधडीताई, हे म्हणणं रास्त आहे. एवढंच म्हणेन, जिथे दिवसभर सोबत आणि विसावा मिळतो ती जागा तशीच सांगावी. तिला 'प्रशिक्षण' म्हणून वर्षानुवर्षं फुकटात माल तयार करून घेऊ नये. शेवंतीच्या भावाचा प्रश्न तो आहे.

---

चाकावरचा

मी व्हीलचेअर वापरतो, नोकरी करतो, त्यामुळे आतून लिहितोय.

शेवंती, तुम्ही देश लिहिलेला नाही, म्हणून सर्वसाधारण सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं २७ वं कलम कामाबद्दल आहे: इतरांच्या बरोबरीने, स्वतः निवडलेल्या कामातून पोट भरण्याचा हक्क. २०२२ मध्ये या कराराच्या समितीने आणखी स्पष्ट केलं की वेगळ्या कार्यशाळांमधलं काम म्हणजे या हक्काची पूर्तता धरता येणार नाही, आणि त्या टप्प्याटप्प्याने बंद करायला हव्यात. प्रत्यक्षात देशोदेशी चित्र वेगळं आहे. अमेरिकेत १९३८ च्या कायद्यातल्या एका कलमाने अपंगांना किमान वेतनापेक्षा कमी द्यायची मुभा दिली, आणि तिथे ती अजून वादाचा विषय आहे. ब्रिटनमध्ये रेम्प्लॉय नावाच्या सरकारी कंपनीचे अपंगांसाठीचे खास कारखाने दुसऱ्या महायुद्धानंतर उभे राहिले आणि शेवटचे २०१३ मध्ये बंद झाले. तेव्हा तिथल्या अनेक कामगारांनीच विरोध केला होता. म्हणजे गोधडीताई म्हणतात ते अगदीच एकट्यादुकट्याचं नाही.

भारतात असाल तर २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा बघा. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के आरक्षणात बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार वगैरेंचा गट पहिल्यांदा आला. शिवाय त्या कायद्यात 'वाजवी सोयी'ची तरतूद आहे. आपल्याकडे ही सोय म्हणजे रॅम्प एवढंच लोकांना वाटतं. तुमच्या भावासाठी ती म्हणजे चित्रांची कामयादी, सूचना देणारा एकच ठरलेला माणूस, आणि बदल असेल तर आदल्या दिवशी सांगणं. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत.

आणि आयकार्डावर हसू नका हो. नोकरी कशासाठी हवी याचं त्याने दिलेलं उत्तर मला तुम्हा सगळ्यांपेक्षा स्वच्छ वाटलं.

---

शेवंती

हसले नाही, खरंच. उलट आईला तेच सांगितलं.

---

आबा_यंत्रवाले

मालकाची बाजू कुणीतरी मांडायला हवी. माझं छोटं युनिट आहे. एका संस्थेमार्फत दोघे आले, एक टिकला. जो गेला त्याला जमत नव्हतं म्हणून नाही गेला. त्याचे वडील रोज फोन करायचे. खाल्लं का, कुणी रागावलं का, आज लवकर सोडाल का. माझा सुपरवायझर वैतागला. जो टिकला त्याच्या घरच्यांचा फोन मला कधी आलाच नाही. काही झालं तर मी संस्थेच्या एकाच माणसाला फोन करायचो आणि तो त्याच दिवशी यायचा.

दयेने ठेवलेला माणूस मंदीत पहिला जातो. म्हणून संस्थेचे लोक मालकाशी बोलतात कसं ते बघा. "पुण्य मिळेल" म्हणत असतील तर उठून या.

---

पायवाट

आबा, हे छापून प्रत्येक पालकाला द्यायला हवं.

---

लेखणी_मोडकी

पैशांचं कुणी बोललं नाही. पगार कुणाच्या खात्यात जाणार ते आधी ठरवा. संस्थेच्या खात्यातून येणार असेल तर नेमकं कोण कोणाचा नोकर आहे ते लेखी घ्या. नेमणुकीचं पत्र, कामाचे तास, रजा, विमा, सगळं इतर कामगारांसारखं. खातं भावाच्या स्वतःच्या नावावर असावं. आणि त्याला काही पेन्शन किंवा अनुदान मिळत असेल तर पगार सुरू झाल्यावर ते बंद होतं का, नोकरी सुटली तर पुन्हा सुरू व्हायला काय करावं लागतं, हे सही करायच्या आधी विचारा. अनेक घरं याच भीतीने पोराला नोकरीला पाठवत नाहीत.

---

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुसऱ्या संस्थेत जाऊन आले, तुमचे प्रश्न चिठ्ठीवर लिहून नेले होते.

वर्षभर किती टिकले याचं उत्तर लगेच मिळालं. साधारण निम्मे. गेलेल्यांची कारणंही सांगितली: एकाला घर बदलल्याने बस बदलली आणि प्रवास जमेना, एकीचं लग्न, एका ठिकाणी साहेब बदलला. चाचपडले नाहीत, ते बरं वाटलं. भावाशी मात्र ते माझ्यामार्फत बोलत होते. "याला काय आवडतं?" असं मला विचारलं. मी म्हटलं, त्यालाच विचारा. मग त्याने बराच वेळ घेऊन सांगितलं की त्याला मोजायला आवडतं आणि चिकटवायला आवडत नाही. इतकी वर्षं तो चिकटवतोय.

बसप्रवासाचं अडलंय. आतापर्यंत संस्थेची गाडी दारात यायची. ते म्हणाले, हे घरच्यांनी शिकवायचं.

आणि आई-बाबांसाठी एक मागणी घातली: जुन्या कार्यशाळेने काही महिने जागा राखून ठेवावी. तिथल्या बाईंशी बोलले, त्या चटकन हो म्हणाल्या. लेखी द्यायला समितीची बैठक लागेल म्हणे.

---

पायवाट

निम्मे हा आकडा प्रामाणिक वाटतो. तुमच्यामार्फत बोलणं मात्र खटकलं. कोच नक्की कोण असणार ते विचारा आणि त्या व्यक्तीला भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका. संस्था कितीही नावाजलेली असली तरी तुमच्या भावाच्या वाट्याला एकच माणूस येणार आहे.

बस तुम्ही शिकवू शकाल. नोकरी ठरायची वाट बघू नका, पण रस्ता ठरल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेळेच्या बसने शिकवा. आधी शेजारी बसा, मग दोन सीट मागे, मग पुढच्या थांब्यावर उभं राहून त्याची वाट बघा, मग तो एकटा आणि पोहोचल्यावर फोन. बस चुकली तर काय, थांबा निघून गेला तर काय, याचा मुद्दाम सराव करा. मुद्दाम चुकवा बस. तो गडबडला की गप्प राहतो ना, मग त्याच्या खिशात एक कार्ड द्या: 'मला मदत हवी आहे, कृपया या नंबरवर फोन करा.' ते कार्ड काढून दाखवायचा सराव सगळ्यात आधी. कामाच्या जागीही हेच कार्ड कामी येईल.

---

शेवंती

कार्डाची कल्पना त्याला सांगितली. म्हणाला, आयकार्डाच्या मागे ठेवू.

कोचला शनिवारी भेटतोय, भाऊ आणि मी. आई-बाबांना न्यावं का?

---

आबा_यंत्रवाले

पहिल्या भेटीला नको. दुसऱ्या भेटीला न्या, आणि वडिलांना माझी ती फोनची गोष्ट वाचायला द्या.

---

कुंपण

माझ्या बहिणीला नोकरी आहे, पण पगार घरचेच काढून घेतात. इथे विचारू की वेगळा धागा काढू?

---

लेखणी_मोडकी

वेगळा काढा. त्यावर बरंच बोलायचं आहे.