आईला वर्षात तिसऱ्यांदा लघवीचं इन्फेक्शन, क्रॅनबेरी द्यावी का?

खानापूरची_लेक: आई 63 ची, शुगर आहे. वर्षात तिसऱ्यांदा उन्हाळी लागल्यात, रात्री पाच-सहा वेळा उठायली, थेंब थेंब होतंय आणि जळजळ इतकी की रडायली. मागच्या दोन्ही वेळा मेडिकलमधनंच गोळ्या आणल्या, दोन दिवसांत बरं वाटलं की बंद केल्या. क्रॅनबेरीचा ज्यूस चांगला की पावडर? महिन्याला 500 च्या वर जमणार नाही बगा.

टिळकवाडी_72: कॅप्सूलच घ्या. मी 1400 ची डबी मागवते, सहा महिने झाले, त्रास नाही.

निपाणीकर: कशाला वो एवढा खर्च, धने रात्री भिजत घाला, सकाळी गाळून प्या, वर बार्लीचं पाणी. आमच्या घरात यासाठी कुणी डॉक्टरकडं गेलेलं नाही.

चिकोडी_बाई: मूळ दुखणं वेगळंच आहे. रोज दीड तास बस, स्टँडवरच्या संडासात पाय ठेववत नाही म्हणून सकाळपासनं पाणीच प्यायचं नाही आणि लघवी दाबून धरायची. आमच्या स्टाफरूममध्ये चौघींना हेच.

निपाणीकर: तेच म्हणतोय की मी, पाणी प्या. धन्याचं.

कॅम्पातली_सिस्टर: 19 वर्षं वॉर्डात आहे म्हणून सांगते. गोळी सुरू करायच्या आधी लघवी कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) द्या, पहिली धार सोडून मधली, लॅबच्या डबीत. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात पण कुठली गोळी लागू पडेल ते कळतं. बहुतेक वेळा ई. कोलाय हा आतड्यातला जंतू निघतो, आणि अशा न तपासता मनानं घेतलेल्या गोळ्यांनी तो गोळ्यांना दाद देईनासा होऊ शकतो. क्रॅनबेरीनं काही बायकांना परत व्हायचं कमी होतं, झालेलं बरं होत नाही, आणि बाटलीतल्या ज्यूसमध्ये बहुतेक साखर असते, शुगरवाल्यांना नकोच. पाळी गेलेल्या बायकांना योनीमार्गात लावायची इस्ट्रोजेनची (बायकांच्या हार्मोनची) क्रीम डॉक्टर देतात, त्याचा खरंच उपयोग होतो पण कुणी बोलतच नाही. थंडी वाजून ताप, पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या असल्या तर त्याच दिवशी दाखवा, किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं.

टिळकवाडी_72: मी पण क्रॅनबेरीच सांगितलं होतं. जळजळीचं सिरप पण द्या.

कॅम्पातली_सिस्टर: त्यानं आग कमी होते, जंतू मरत नाहीत.

हुक्केरी_पाटील: पुरुषांना पण होतं. वडील लाजून बोलले नाहीत, प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढून लघवी आतच साठून राहायची, शेवटी आठ दिवस ॲडमिट.

खानापूरची_लेक: क्रॅनबेरी राहू दे. उद्या सकाळी कल्चर देते, शुगर पण तपासते आणि रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडं. क्रीमला आई नाहीच म्हणायली, या वयात लाज वाटते म्हणते, मी जबरदस्ती करणार नाही. धने मात्र तिनं आत्ताच भिजत घातले.