दुखणं थांबवणारं, पण सवय न लावणारं मॉर्फिन का बनत नाही?

वेदांती_क:
बाबांचा कर्करोग हाडांत पसरलाय. मॉर्फिनच्या गोळ्या चालू आहेत. आधी एका गोळीवर रात्र निघायची, आता डोस वाढवूनही पहाटे कण्हतात. वर बाबा गोळी घ्यायलाच नाही म्हणतात, "मरताना मला व्यसनी करू नका" म्हणे. मी बीएस्सीला आहे. दुखणं कमी करेल पण सवय लावणार नाही असं 'बायस्ड' ओपिऑइड (मॉर्फिनच्या जातीचं औषध) येणार, असं वाचलं होतं. ते कुठे अडलंय? या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत का?

रेणूकार:
ताई, बाबांचं वाचून वाईट वाटलं. डोसचं डॉक्टरच सांगतील. मी औषधांचे रेणू घडवण्याच्या कामात आहे आणि ओपिऑइडवर बरीच वर्षं काम केलंय, तेव्हा त्या बाजूने सांगतो.

मॉर्फिन चेतापेशीवरच्या म्यू रिसेप्टरला, म्हणजे औषधाचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. तिथून पेशीच्या आत संदेश दोन वाटांनी जातो. एक वाट जी-प्रोटीनची, दुसरी बीटा-अरेस्टिनची; दोन्ही पेशीतलीच प्रथिनं. १९९९ मध्ये लॉरा बोन आणि सहकाऱ्यांनी बीटा-अरेस्टिन-२ नसलेल्या उंदरांना मॉर्फिन दिलं, तर वेदनाशमन वाढलं आणि जास्त वेळ टिकलं. मग काय, फक्त पहिली वाट उघडणारा, म्हणजेच 'बायस्ड', रेणू शोधायचा सगळ्यांना ध्यासच लागला. मलाही.

पण त्याच गटाचा २००० सालचा निकाल मला जास्त मोलाचा वाटतो. प्रयोग असा असतो: उंदराला गरम प्लेटवर ठेवायचं आणि तो मागचा पाय झटकायला किंवा चाटायला किती सेकंद घेतो ते मोजायचं. मॉर्फिन दिलेला उंदीर बराच वेळ पाय हलवत नाही. रोज मॉर्फिन देत राहिलं की काही दिवसांत तो औषध न दिलेल्या उंदराइतक्याच लवकर पाय उचलतो. ही झाली टॉलरन्स. मग त्याला नॅलोक्सोन टोचायचं. रिसेप्टरवरचं मॉर्फिन एकदम हटतं आणि उंदीर उड्या मारत सुटतो, थरथरतो, त्याला जुलाब होतात. हे अवलंबित्व. अरेस्टिन नसलेल्या उंदरांवर गरम प्लेटवर औषधाचा असर टिकून राहिला, पण नॅलोक्सोन दिल्यावर तेही तसेच तडफडले. म्हणजे टॉलरन्सची आणि अवलंबित्वाची मुळं वेगवेगळ्या जागी आहेत. एक उपटलं म्हणून दुसरं निघत नाही.

याचं कारण जी-प्रोटीनच्याच वाटेवर सापडतं. मॉर्फिन पेशीतलं सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीच्या आत संदेश नेणारा छोटा रेणू, कमी करतं. पेशी ते भरून काढायला ते बनवणारं एन्झाइम जोमात आणते. औषध अचानक थांबलं की दाब जातो, पण जोम तसाच राहतो आणि सायक्लिक एएमपी उसळतं. मेंदूच्या देठातल्या लोकस सेरुलियसमधल्या पेशी सैरावैरा संदेश सोडू लागतात आणि घाम, धडधड, अस्वस्थपणा सुरू होतो. ज्या वाटेने दुखणं थांबतं, तीच हे घडवते. मग अरेस्टिन टाळून काय साधणार?

२०१६ मध्ये पीझेडएम२१ हा 'बायस्ड' रेणू आला. कॉम्प्युटरवर तीस लाखांहून जास्त रेणू रिसेप्टरमध्ये बसवून पाहिल्यावर मिळालेल्या धाग्यावरून तो घडवला होता. २०१८ मध्ये दुसऱ्या प्रयोगशाळेत त्यानेही उंदरांचा श्वास मंदावला आणि टॉलरन्सही आली. ओलिसेरिडीन या अशाच दुसऱ्या औषधाला २०२० मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण शिरेतून, देखरेखीखाली, आणि व्यसनाच्या त्याच ठळक इशाऱ्यासह. या रेणूंचा थोडाफार सौम्यपणा 'बायस'मुळे नसून ते रिसेप्टरला अर्धवटच जागं करतात म्हणून असावा, असं दाखवणारं काम २०२० मध्ये आलं. मला ते पटतं. ब्युप्रेनॉर्फिन हे जुनं ओपिऑइड हेच कितीतरी आधीपासून करतंय.

शुश्रूषा_माया:
मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये (गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेत) नर्स आहे. वेदांती, पहाटे दुखतं याचं कारण दर वेळी सवय नसतं. आजार वाढला की दुखणं वाढतं, कधी गोळीचा असर वेळेआधी उतरतो. किती वाजता आणि कुठे दुखतं ते रोज लिहून डॉक्टरांना दाखव. मधल्या वेळची जादा गोळी, दुसऱ्या ओपिऑइडवर बदली, हाडाच्या दुखण्यावर रेडिएशन, असे मार्ग असतात. पोट साफ होण्याचं औषध चुकवू नकोस, कारण आतड्यांना मॉर्फिनची फारशी सवय होत नाही. आणि बाबांना समजावून सांग की शरीराला सवय होणं म्हणजे व्यसन नाही. व्यसनात माणूस नुकसान दिसत असूनही औषधामागे धावतो. बाबा तर गोळी टाळतायत! पण अचानक बंद करू देऊ नकोस, फार त्रास होईल.

वेदांती_क:
माया मावशी, आज रात्रीपासून लिहायला घेते. दादा, मग आता आशा कशात आहे? सुझेट्रिजिन?

रेणूकार:
सुझेट्रिजिन ओपिऑइड नाही. ते मज्जारज्जूबाहेरच्या वेदना-चेतांमधला एनएव्ही १.८ हा सोडियम चॅनेल (वेदनेचा संदेश पुढे नेणारी पेशीवरची वाट) बंद करतं, त्यामुळे वर सांगितलेला सायक्लिक एएमपीचा खेळ तिथे होत नाही. पण जानेवारी २०२५ ची अमेरिकेतली मंजुरी मध्यम ते तीव्र, अल्पकालीन वेदनेसाठी आहे.

ओपिऑइडमध्ये माझं मन दोन गोष्टींवर आहे. फिलिप पोर्टोगीज यांच्या गटाने म्यूला जागं करणारा आणि डेल्टा या दुसऱ्या ओपिऑइड रिसेप्टरला अडवणारा असे दोन तुकडे साखळीने जोडले. साखळी पुरेशी लांब केल्यावर उंदरांत टॉलरन्स आणि अवलंबित्व दोन्ही कमी झाली. २००५ चं हे काम मला अजून थक्क करतं. अडचण आकाराची आहे. रेणू मोठा झाला की त्याला आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरणं जड जातं.

दुसरी गोष्ट म्हणजे क्रिस्टोफ श्टाइन यांच्या गटाचं २०१७ मधलं एनएफईपीपी. फेंटानिल या जोरदार ओपिऑइडमध्ये एक फ्लोरीन बसवून त्यांनी ते असं बदललं की जिथे आम्लता वाढलेली असते, म्हणजे सुजलेल्या किंवा जखमी भागात, तिथेच ते रिसेप्टरला धरतं. निरोगी मेंदूत आणि आतड्यात ते जवळजवळ गप्प राहतं. आतापर्यंतचे निकाल प्राण्यांवरचे आहेत, पण हाडातल्या गाठीभोवतीही आम्लता वाढलेली असते. म्हणून तुमच्या बाबांसारख्या दुखण्याला मला हीच दिशा सगळ्यात जवळची वाटते.